आधी चॅनेल, मग ड्रॉवर

कॅबिनेट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉवरचं टेम्प्लेट बनवताना माप टाकायची घाई करू नका. आधी चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, कुठला लागणार ते ठरवा, ड्रॉवरच्या बॉक्सची रुंदी त्यावरच ठरते. बाजूला लागणाऱ्या बॉल बेअरिंग चॅनेलला सहसा दोन्हीकडे 12.7 मिमी जागा लागते. म्हणजे कॅबिनेटचा गाळा आतून 564 मिमी असेल तर बॉक्स बाहेरून साधारण 538. अंडरमाउंटचं, म्हणजे बॉक्सच्या तळाखाली लागणाऱ्या चॅनेलचं, गणित वेगळं. तिथे बॉक्सची आतली रुंदी धरतात, त्यामुळे फळीची जाडी बदलली की बाहेरचं माप बदलतं. सॉफ्टवेअरची तयार लायब्ररी यातलं काय धरते, ते चॅनेलच्या कंपनीचा तक्ता शेजारी ठेवून तपासा. नाव जुळलं म्हणून आकडे जुळतीलच असं नाही.

बॉक्सची खोली (पुढून मागे लांबी) सॉफ्टवेअरवर मोकळी सोडू नका. चॅनेल 450, 500 अशा ठरावीक लांबीत येतात. सॉफ्टवेअर मात्र खुशाल 487 चा बॉक्स काढून देतं!

फ्रंट, म्हणजे ड्रॉवरची दर्शनी फळी, कॅबिनेटच्या आत बसणारा असेल तर 32 मिमी पद्धतीतली (32 मिमी अंतराने भोकं पाडायची पद्धत) पहिली भोकं कॅबिनेटच्या पुढच्या कडेपासून 37 मिमीवर ठेवून चालत नाही, त्यात फ्रंटची जाडी मिळवा. नाहीतर फ्रंट बाहेर डोकावेल. हँडलचं शेवटी बघा, त्यात फार काही नाही. आणि एक ड्रॉवर खरोखर कापून, बसवून बघितल्याशिवाय टेम्प्लेट सेव्ह करू नका.