वाचकांचे प्रश्न : रडारवर आकडा दिसला, पण टॉर्नेडो का नाही?

प्रश्न : अमेरिकेतील गडगडाटी वादळांची रडारचित्रे पाहण्याचा मला छंद आहे. वादळाच्या कडेला आकड्यासारखे वळलेले टोक दिसले की टॉर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणारा हवेचा वेगवान भोवरा, होणार, असे मी समजत आलो. परंतु अनेकदा तसे टोक दिसूनही काहीच घडत नाही. मग टॉर्नेडोची शक्यता ठरवावी तरी कशावरून?

उत्तर : या टोकाला ‘हुक एको’ म्हणतात. 9 एप्रिल 1953 रोजी इलिनॉय राज्यात ते टॉर्नेडोसोबत रडारवर टिपले गेले आणि तेव्हापासून त्याचा जरा जास्तच दबदबा झाला. वर चढणाऱ्या प्रवाहाभोवती पाऊस व गारा गुंडाळल्या जात आहेत, म्हणजेच वादळ स्वतःभोवती फिरत आहे, एवढेच त्यावरून कळते. अशा फिरत्या वादळाला सुपरसेल म्हणतात आणि बहुतेक सुपरसेलमधून टॉर्नेडो होत नाहीत, कारण हे फिरणे जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर असते.

ते खाली का उतरते किंवा उतरत नाही, हे समजण्यासाठी वादळाआधीची हवा तपासावी लागते. जमिनीलगतची हवा उष्ण व दमट असणे आणि जमिनीपासून 6 किलोमीटर उंचीपर्यंत वाऱ्याचा वेग व दिशा पुरेशी बदलणे, या दोन गोष्टी जुळल्या की सुपरसेल तयार होऊ शकते. मात्र टॉर्नेडोसाठी अनुभवी अंदाजकर्ते त्यातल्या अगदी खालच्या 1 किलोमीटरमधील बदलाकडे आणि ढगांचा तळ किती खाली आहे याकडे अधिक लक्ष देतात. तळ उंच असेल, तर खालच्या कोरड्या हवेत पावसाचे बाष्पीभवन होऊन वादळातून खाली येणारी हवा फार थंड व जड होते, आणि अशी हवा पुन्हा वर ओढून घेणे वादळाला जमत नाही. खालची हवा दमट असेल, तर हा प्रवाह तितका थंड होत नाही. त्यातील गिरकी वर ताणली जाऊन अरुंद होते व तिचा वेग वाढतो. शेजारशेजारच्या दोन वादळांपैकी एकच वादळ टॉर्नेडो का देते, हे अंदाजकर्त्यांनाही अजून पूर्णपणे उलगडलेले नाही.

वादळ सुरू झाल्यावर मात्र, माझ्या मते, आकडा शोधण्याआधी डॉप्लर रडारचे वेगाचे चित्र उघडावे. रडारकडे येणारा आणि रडारपासून दूर जाणारा वारा त्यात बहुधा हिरव्या व लाल रंगांत दाखवतात. हे दोन्ही गडद पट्टे एकमेकांना अगदी चिकटलेले असतील आणि सर्वांत खालच्या कोनातील लागोपाठच्या चित्रांत ते अधिक घट्ट होत असतील, तर ती खरी धोक्याची खूण समजावी. रडारपासूनचे अंतरही विसरू नये : 100 किलोमीटरवर, क्षितिजापेक्षा 0.5 अंश वर रोखलेल्या रडारकिरणाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, त्यामुळे त्याखाली काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष पाहणाऱ्या प्रशिक्षित निरीक्षकांची गरज आजही संपलेली नाही.

आणखी एक खूण आहे. दुहेरी ध्रुवीकरणाचे, म्हणजे आडव्या व उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारे, रडार पावसाचे थेंब आणि पाने, फांद्या, लाकडाचे तुकडे यांतला फरक ओळखते. फिरत्या वाऱ्याच्या नेमक्या जागी असा कचरा वर उडालेला दिसला, तर टॉर्नेडो जमिनीवर असल्याची ती जवळजवळ खात्री असते. मात्र तोवर तो आलेला असतो. अंदाजासाठी या खुणेचा उपयोग नाही.

प्रश्न : अमेरिकेत टॉर्नेडोबाबत दिल्या जाणाऱ्या ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ या सूचनांत फरक काय?

उत्तर : ‘वॉच’ म्हणजे पुढील काही तासांत मोठ्या प्रदेशात टॉर्नेडोला अनुकूल परिस्थिती असल्याची सूचना, ती ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर देते. ‘वॉर्निंग’ स्थानिक हवामान कार्यालय देते, तेही लहान क्षेत्रापुरते, बहुधा तासाभराहून कमी वेळासाठी, रडारवर घट्ट फिरणे दिसल्यावर किंवा कोणी टॉर्नेडो पाहिल्यावर. ‘वॉच’ नसलेल्या भागातही ‘वॉर्निंग’ निघू शकते.