धग गावाला, गारठा जगाला

मागच्या अंकात आंदमानातल्या बॅरन बेटावर, म्हणजे आपल्या देशातल्या एकुलत्या एक जाग्या ज्वालामुखीवर, मी दीड पान लिहिलं. त्यावर आलेली पत्रं अजून टेबलावर पडून आहेत. शब्द वेगवेगळे, पण बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे: ही एवढी उष्णता जाते कुठे? म्हणून या खेपेचं सदर त्या पत्रांनाच देते. पस्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवल्यामुळे उत्तर लांबवायची खोड लागली आहे, ती तेवढी सांभाळून घ्या.

प्रश्न : आमचं गाव तुरळच्या गरम कुंडाजवळ. खाली ज्वालामुखी झोपलाय असं लहानपणापासून ऐकतो. कोयनेचा धक्का जाणवला की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "कूस बदलली त्याने." खरंच खाली काही आहे का? — एक वाचक, संगमेश्वर

"कूस बदलली" हे इतकं छान आहे की खोडून काढायला जिवावर येतं. पण नाही, खाली कोणी झोपलेलं नाही.

तुमच्या अंगणातला काळा कातळ हा लाव्हाच, यात वाद नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो भेगांमधून थरावर थर असा ओतला गेला. आज तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि सह्याद्रीत काही ठिकाणी त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. तो ओतणारा तप्त ठिपका, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून धग वर येण्याची जागा, तेव्हा आपल्या खाली होता. मग आपली जमीन ईशान्येला सरकत गेली आणि ठिपका मागे राहिला. आज तो हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून धडधडतो. आपल्या कातळाचं माहेर तिकडे आहे म्हणा. इकडची रास काही लाख वर्षांतच निवली. सहा कोटी वर्षांनी तिच्यात पाणी तापवण्याइतकी धग उरलेली नाही.

मग कुंड तापतं कशाने? पावसाने! दरवर्षी मी मुलांना तुरळला न्यायची, कुंडात थर्मामीटर सोडायचा आणि सगळ्यांनी मिळून आकडा ओरडायचा. साठच्या आसपास यायचा. मग मी फळ्याशिवाय गणित घालायची. जमिनीत एक किलोमीटर खाली उतरलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, त्याला ज्वालामुखी लागत नाही, वर नाचणीचं शेत असलं तरी चालतं. सह्याद्रीवर पडलेलं पाणी फटींतून दीड-दोन किलोमीटर खाली गेलं, तिथे निवांत तापलं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून निवायच्या आत वर आलं, की झालं तुमचं कुंड. पालघरच्या बाजूपासून थेट राजापूरपर्यंतची कुंडं नकाशावर मांडून पाहा. किनाऱ्याला समांतर एक ओळ दिसते. ती भेगांची ओळ आहे.

कोयनेच्या धक्क्यांचं कारण वेगळं. तिथे खडकातल्या जुन्या भेगा ताणाखाली आहेत आणि धरणाच्या पाण्याचा भार व दाब त्यांना ढोसतो. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप त्यातलाच. कुंडाशी त्याचं नातं एवढंच, की दोन्हीकडे खडक तडकलेला आहे.

प्रश्न : समुद्राच्या तळाशी हजारो ज्वालामुखी आहेत, त्यांच्या उष्णतेने पृथ्वी तापतेय, माणसाचा काही दोष नाही, असा एक मेसेज आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. उत्तर काय द्यावं? — निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

तुम्ही बँकेतले, तेव्हा खातंच मांडू.

ज्वालामुखी, झरे, समुद्रतळ, सगळं धरून पृथ्वीच्या पोटातून सतत बाहेर येणारी उष्णता सुमारे ४७ लाख कोटी वॅट आहे. ऐकायला प्रचंड. आता ती सगळ्या पृथ्वीवर वाटा. दर चौरस मीटरला ०.०९ वॅट येते. हजार चौरस फुटांच्या तुमच्या फ्लॅटएवढ्या जमिनीतून आठ-नऊ वॅट, म्हणजे एक लहानसा एलईडी बल्ब. तेवढ्याच जागेवर नाशिकचं ऊन रात्र-दिवस, वर्षभराची सरासरी काढून वीस हजार वॅटच्या आसपास पडतं. शिवाय तो खालचा बल्ब आज लागलेला नाही, कोट्यवधी वर्षं तसाच मिणमिणतोय. त्याच्यामुळे गेल्या शंभर-दीडशे वर्षांतच पारा का चढावा?

आणि आणखी एक, हे कट्ट्यावर बोलायला सोपं पडेल. चुलीवरचं पातेलं बुडापासून तापतं. समुद्र खालून तापत असता तर तळाचं पाणी आधी तापलं असतं. मोजमापं उलट सांगतात: सगळ्यात जास्त तापलंय ते वरचं पाणी.

धुराचा हिशोबही देऊन टाका. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला काही दशकोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात; वरचा अंदाज धरला तरी ४५ कोटी टनांच्या आत. आपण नुसता कोळसा, तेल आणि गॅस जाळून ३,५०० कोटी टनांच्या वर. एवढं सांगूनही मेसेज फिरत राहील. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा माझ्याच सख्ख्या दिराकडून.

प्रश्न : लाव्हा किती दिवस गरम राहतो? — इयत्ता सातवीतली वाचक, सोलापूर

बाळा, तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. तू गरम लापशी कडेकडेने खातेस ना? वर साय धरते, हात लावला तर कोमट लागते, आणि मधे चमचा घातला की जीभ भाजते. लाव्हाचं तसंच. बाहेर येतो तेव्हा ११०० ते १२०० अंश असतो, पण वर लगेच काळी साय धरते, आणि दगडाची साय म्हणजे उत्तम गोधडी. हवाई बेटांवर १९५९ साली एका खड्ड्यात शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साठलं. दुसऱ्याच वर्षी शास्त्रज्ञ त्याच्या सायीवर उभे राहून भोकं पाडत होते. आतलं तळं पुरतं घट्ट व्हायला मात्र तीसेक वर्षं गेली.

पण मला तुला हेमाई बेटाची गोष्ट सांगायची आहे. आइसलँडच्या दक्षिणेला छोटी बेटं आहेत, त्यातलं हे मासेमारीचं बेट. २३ जानेवारी १९७३ ला मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि आगीची भिंत उभी राहिली. बेटावर ५,३०० माणसं. नशीब असं की आदल्या दिवशी वादळ होतं, त्यामुळे सगळ्या होड्या बंदरातच होत्या. काही तासांत जवळजवळ सगळा गाव होड्यांत बसून निघून गेला. मागे थोडी माणसं राहिली आणि त्यांनी एक वेडेपणा केला. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला होता. बंदर गेलं तर मासे गेले, मासे गेले तर गाव गेलं. त्यांनी समुद्राचंच पाणी पंपाने उपसून लाव्हावर मारलं, आठवड्यांमागून आठवडे. लाव्हाचं नाक गोठलं, तो थांबला, आणि बंदर आधीपेक्षा आडोशाचं झालं. चारेकशे घरं मात्र गेली.

उन्हाळ्यात आग थांबली, माणसं परतली, राखेतून घरं उकरून काढली. मग त्यांना वाटलं, ही रास आतून एवढी तापलेली, ती फुकट का निवू द्यायची? त्यांनी लाव्हात नळ घातले, त्यात पाणी खेळवलं, आणि ज्या लाव्हाने चारशे घरं गिळली त्याच्याच उष्णतेवर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत गावातली घरं उबदार ठेवली.

मी २०१९ च्या जुलैत तिथे गेले होते. भाची त्या देशात नोकरीला असते. त्या आगीतून उभ्या राहिलेल्या डोंगरावर चढले, माझ्या गुडघ्यांनी जमेल तेवढी. बरोबरच्या बाईंनी हाताने थोडे खडे बाजूला केले आणि म्हणाल्या, घाला हात. घातला. शेहेचाळीस वर्षांनंतरही आतलं कोमट होतं, आंघोळीचं पाणी उरतं तसं.

प्रश्न : मोठा ज्वालामुखी फुटला की पाऊस बिघडतो असं टीव्हीवर ऐकलं. आगीने तर वाफ जास्त व्हायला पाहिजे, मग पाऊस कमी कसा? — शेतकरी वाचक, परभणी

दादा, तुमचा तर्क बरोबर आहे, फक्त आग तिथपर्यंत पोचत नाही. ज्वालामुखीची धग गावापुरती. लांबवर जातो तो त्याचा गारठा.

मोठा स्फोट गंधकाचा वायू ढगांच्या वर, वीस-तीस किलोमीटर उंच फेकतो. तिथे पाऊस नाही, धुऊन निघायची सोय नाही. त्या वायूचे बारीक थेंब होतात, वाऱ्याबरोबर जगभर पसरतात, आणि वर्ष-दोन वर्षं उन्हाला पातळ धोतरासारखी आड धरतात. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा दीड ते दोन कोटी टन असा वायू वर गेला, आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं. (त्या दिवशी तिथे नेमकं चक्रीवादळही आलं. पावसाने राख भिजून जड झाली आणि घरांची छपरं कोसळली. स्फोटाच्या आगीपेक्षा या ओल्या राखेने जास्त माणसं मारली. आधी इशारा देऊन हजारो लोकांना हलवलं होतं म्हणून आकडा शेकड्यांत राहिला.)

आता पाऊस. आपला मोसमी वारा कशावर येतो? जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, यावर. वैशाखात जमीन भाजली नाही की ज्येष्ठात ढग ओढले जात नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाला आड आली की जमीन लवकर गार पडते, समुद्र सावकाश, आणि मधली ओढ ढिली होते. गार समुद्रावरून वाफही कमी उठते. १९९२ मध्ये जगभरच जमिनीवरचा पाऊस घटला होता.

याचं जुनं उदाहरण आइसलँडचं. ८ जून १७८३ ला तिथे लाकी नावाची २७ किलोमीटर लांब भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. गंधकाचा वायू सुमारे १२ कोटी टन. गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन निम्म्याहून जास्त गुरं आणि बहुतेक मेंढरं मेली, आणि मागोमाग उपासमारीने देशातली पाचातली एक व्यक्ती. त्याच सुमारास नाईलचं पाणी उतरलं. आपल्याकडे उत्तरेत संवत १८४० चा, म्हणून 'चालीसा' म्हटला जाणारा दुष्काळ पडला. हवामानाच्या गणिती प्रतिकृतींत लाकीमुळे आफ्रिकेचा आणि आपला मोसमी पाऊस ढिला पडलेला दिसतो. तरी चालीसाचं सगळं खापर मी लाकीवर फोडणार नाही. पाऊस बिघडायला एकच कारण कधी पुरतं का? तुमच्याकडे लाकी न फुटताही कोरडी वर्षं येतातच.

प्रश्न : आइसलँडसारखी जमिनीच्या उष्णतेवर वीज कोकणात का करत नाही? — इंजिनियर, पुणे

कारण वीज करायला चांगली वाफ लागते, आणि कोकणात मिळतं ते फार तर सत्तर अंशांचं पाणी. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात ते उकळतं निघतं, तिथे लहान केंद्राचा करार २०२१ मध्ये झाला. कोकणातल्या पाण्यावर मी सोलं, आंबोशी आणि सुकट वाळवली असती. ऐन पावसाळ्यात वाळवण घालता येणं ही वीज केंद्राइतकीच मोठी गोष्ट आहे, असं माझं स्वयंपाकघरी मत. दोन-तीनदा सुचवून पाहिलं, लोक हसले.

आइसलँडचंही सगळं गोड नाही. तिथली दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात. ८ फेब्रुवारी २०२४ ला ग्रिंदाविक गावाजवळ लाव्हाने गरम पाण्याची मुख्य पाइपलाइनच तोडली आणि वीस हजारांहून जास्त लोकांची घरं भर थंडीत गार पडली. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, खिडकीतून लाव्हा दिसतोय आणि मी घरात कोट घालून बसलेय." विजेवर ताण नको म्हणून हीटरही बेताने लावायला सांगितलं होतं.

प्रश्न : दापोली तालुक्यात उन्हवऱ्याच्या गरम पाण्यात मित्रांनी अंडी उकडली. तासाभराने फोडली तर बलक घट्ट आणि पांढरं तसंच पातळ! अंडी नासकी होती का? — कॉलेज विद्यार्थी, खेड

आधी एक. लोक ज्या पाण्यात श्रद्धेने आंघोळ करतात त्यात अंडी उकडू नयेत. बाहेर वाहून जाणाऱ्या पाटात करा.

अंडी चांगलीच होती. बलक पासष्ट अंशांपासून धरायला लागतो, पांढरं पुरतं घट्ट व्हायला ऐंशीच्या आसपास लागतं. घरी उकळत्या पाण्यात उष्णता बाहेरून आत जाते आणि पांढऱ्याला पहिली मिळते, म्हणून उलटं होतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरच्या आसपासचं, म्हणजे बरोब्बर दोघांच्या मधलं. जपानात गरम झऱ्यांवर मुद्दाम अशीच अंडी करतात आणि वाटीत फोडून, वर सोया सॉसचं पाणी घालून खातात. तुम्ही मीठ-मिरपूड घाला. आणि पुढच्या वेळी थर्मामीटर घेऊन जा, आकडा मला कळवा.