मॉन्टेनवर इतक्यात शिक्का मारू नकोस

अगं, तुझं टिपण वाचलं. फ्रेंच निबंधकार मॉन्टेन १५८०-८१ मध्ये इटलीभर फिरला, त्याच्या प्रवासाच्या डायरीत चित्रांबद्दल जेमतेम काही आहे, म्हणजे त्याला कलेतलं कळत नव्हतं, असं तू लिहिलंयस. घाई होतेय. असं म्हणणारी तू पहिली नाहीस म्हणा, पण आपण आज म्युझियममध्ये फिरतो तसं तो फिरत नव्हता, तेव्हा डायरीत चित्रकार राफेल कुठे आहे हे शोधण्याआधी तो कशापाशी थांबला ते बघ.

फ्लॉरेन्सजवळचं प्रातोलिनो घे, तिथल्या सत्ताधारी मेडिची घराण्यातल्या ड्यूकची बाग. तिथल्या गुहेत पाण्याच्या जोरावर संगीत वाजतंय, पुतळे हलतायत, दारं उघडतायत, पाहुणा जरा टेकला की बाकातून बुडाखालीच फवारा (ड्यूकसाहेबांचा विनोद हा!). एका राक्षसाचा पुतळा उभारणं चाललंय, त्याचा नुसता डोळा तीन हात रुंद. हा शिल्पकार जांबोलोन्याचा ‘आपेनिन’ पुतळा, अजून उभा आहे. आता सांग, यात शिल्प कुठे संपतं आणि नळजोडणी कुठे सुरू होते? त्या काळच्या उमरावाला ही वाटणी करायची गरजच वाटत नव्हती, त्याला सगळ्यात मालकाचा पैसा, कारागिरी आणि रुबाब एकदमच दिसायचा.

चित्रं कुणालाच नको होती असंही नाही हं. १६२३ मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स खोटं नाव घेऊन लग्न जमवायला माद्रिदला गेला, लग्न फिसकटलं, पण इटालियन चित्रकार तिशियनची चित्रं घेऊन परतला. त्यातलं कुत्र्यासोबतचं सम्राट पाचव्या चार्ल्सचं पोर्ट्रेट स्पेनच्या राजाने, चौथ्या फिलिपने दिलेली भेट होती, म्हणजे आवड होतीच, पण राजकारणही होतं, दोन्ही वेगळं काढायला जाऊ नकोस.

आणि एक, लेखणी कोणाची ते दरवेळी तपास. मॉन्टेनची ही डायरी छापायला लिहिलेलीच नव्हती, १७७० मध्ये त्याच्या वाड्यात सापडली, १७७४ मध्ये छापली, आणि सुरुवातीचा बराच भाग त्याच्या सेक्रेटरीने लिहिलाय, प्रातोलिनोही त्यातच येतं. म्हणून रोमजवळच्या तिवोलीच्या बागेचं पान शेजारी ठेवून बघ, तिथे मॉन्टेन स्वतः लिहितोय आणि चक्क प्रातोलिनो आणि तिवोली या दोन बागा तोलतोय: गुहांच्या श्रीमंतीत नि देखणेपणात फ्लॉरेन्सवाला ड्यूक कितीतरी पुढे, पाण्याच्या मुबलकतेत तिवोलीवाला फेराराचा कार्डिनल.