वडिलांचे नाव मोठे असताना स्वतःची ओळख कशी निर्माण करावी?

आपण विचारले आहे की, वडील शहरातील नामांकित वकील असल्यामुळे आपले प्रत्येक यश लोक त्यांच्याच खात्यावर जमा करतात. तेव्हा आडनाव गाळून दुसऱ्या शहरात वकिली सुरू करावी का? आडनाव मुळीच गाळू नये. त्या नावाने आपले काही वाईट केलेले नाही. वाईट करतात ती त्या नावाच्या जोरावर सवलत मागणारी घरचीच माणसे, आणि हे उत्तर मी लिहिते आहे ते त्यांच्यामुळेच.

माझे वडील बडोद्याकडून रणजी सामने खेळले. दांडिया बाजारात आडनाव सांगितले की "म्हणजे त्यांची मुलगी का?" हा प्रश्न ठरलेला असे. मी स्कोअरर झाले. एका स्थानिक सामन्यात माझा चुलतभाऊ 49 धावांवर खेळत असताना चेंडू त्याच्या पॅडला लागून मागे गेला, एक धाव निघाली आणि पंचांनी स्वतःचा गुडघा उचलून गुडघ्याला हात लावला. मी हात वर करून इशाऱ्याची पोच दिली आणि ती धाव लेगबायमध्ये, म्हणजे फलंदाजाच्या नावे न लागणाऱ्या अवांतर धावांत, लिहिली. पुढच्याच चेंडूवर समोरचा शेवटचा फलंदाज बाद झाला आणि डाव संपला.

काका तडक आमच्या टेबलापाशी आले. "अगं, एकूण धावसंख्या बदलत नाही ना? मग ती एक धाव त्याच्या नावावर लिहिलीस तर कुणाचं काय जातं? आपल्या घरातलाच मुलगा आहे, निवड तोंडावर आली आहे."

कुणाचे काय जाते, हे स्कोअरबुकात स्पष्ट दिसते. लेगबायची धाव गोलंदाजाच्या नावे लागत नाही; तीच फलंदाजाला दिली की गोलंदाजाच्या पृथक्करणात, म्हणजे त्याने दिलेल्या धावांच्या हिशेबात, एक धाव वाढते. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज तरीही जुळते, गोलंदाजांच्या बाजूचीही जुळते आणि खोटेपणा कुठेच उघडा पडत नाही. तो गोलंदाज बडोद्याजवळच्या पादरा गावाहून बसने येणारा मुलगा होता आणि त्याची बाजू मांडायला त्या टेबलापाशी कोणी काका आलेले नव्हते. मी नोंद बदलली नाही. काकांनी त्यानंतर बराच काळ आमच्या घरची पायरी चढली नाही.

काका नेहमी बडोद्याचे कसोटीपटू दत्ता आणि अंशुमान गायकवाड या पितापुत्रांचा दाखला देत की बापाचे नाव मुलाच्या कामी येणारच. दत्ता गायकवाडांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने 1957-58 मध्ये रणजी करंडक जिंकला आणि 1959 च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते, हे सर्व खरे. परंतु 1976 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध किंग्स्टनला अंशुमान गायकवाड 81 धावांवर असताना चेंडू कानावर बसला, तेव्हा वडिलांचे कर्णधारपद मध्ये आले नाही. आणि 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 671 मिनिटे उभे राहून 201 धावा काढल्या, त्याही त्यांनी स्वतःच काढल्या. वडील 11 कसोटी खेळले, मुलगा 40. काकांनी हाच दाखला नीट वाचावा, असे मला आजही वाटते.

तेव्हा आपण शहर सोडू नये. मात्र पहिली काही वर्षे वडिलांच्या ऑफिसात न बसता त्यांच्या वर्तुळाबाहेरच्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करावे, आणि वडिलांचे स्नेही आपल्याकडे प्रकरण घेऊन आले तर वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी, हे काम त्यांनी एरवी कोणाला दिले असते, ते त्यांना सरळ विचारावे. घरातील कोणी आपल्यासाठी परस्पर शब्द टाकला असेल, तर ज्याच्याकडे टाकला त्याला आपण स्वतः भेटून तो मागे घ्यावा. नातेवाईक रुसतील; रुसू द्यावे.

मला हे जमले, कारण माझे पोट स्कोअरिंगवर अवलंबून नव्हते आणि माझे वडील त्या दिवशी माझ्या बाजूने उभे राहिले. आपले वडील तसे उभे राहणार नसतील, किंवा घरखर्च त्यांच्याच ऑफिसातून चालत असेल, तर मग मात्र दुसऱ्या शहराचा विचार अवश्य करावा, पण आडनावासकट.