वादळात मोडलेलं फ्लोटप्लेन कोण घेईल?

प्रश्न: मी घरीच बांधलेलं फ्लोटप्लेन (चाकांऐवजी तरंगत्या फ्लोटवर पाण्यात उतरणारं विमान) वादळात दोर तुटून उलटलं. एक पंख आणि एक फ्लोट गेलाय, इंजिन ठीक दिसतंय. दुरुस्ती आता झेपणार नाही, पण भंगारात घालायला जीव होत नाही. गिऱ्हाईक कसं शोधू?

उत्तर: भंगार कशाला? असं विमान घेणारा बहुतेक स्वतः बांधणाराच असतो, म्हणून ईएएसारख्या, घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेत आणि सीप्लेन क्लबात सांगून ठेवा. 'इंजिन ठीक दिसतंय' हे मात्र जाहिरातीत नको हं, उलटलं म्हणजे पाणी आत गेलं असणार, प्रॉपेलर आपटला असेल तर क्रँकशाफ्टही (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) तपासावा लागतो, आणि पाणी खारं असेल तर आजच गोड्या पाण्याने सगळं धुवून घ्या, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम फार लवकर गंजतं. स्पार (पंखातली मुख्य तुळई) आणि फ्लोटच्या जोडांचे जवळून फोटो काढा, मोडलेलं लपवू नका. बांधतानाचे फोटो, प्लॅन, लॉगबुक सोबत द्या, घेणारा खरंतर त्याचेच पैसे देतो. इन्शुरन्सचा क्लेम मिळाला असेल तर विमान अजून तुमचंच आहे का ते आधी बघा! अख्खं कोणी घेईना तर इंजिन, इन्स्ट्रुमेंट्स, उरलेला फ्लोट सुटे विका आणि नोंदणी रद्द करून टाका.