डिस्क आता बदलाव्यात की दिवाळीपर्यंत थांबावे?

सप्रेम नमस्कार. आपल्या नऊ वर्षे वापरलेल्या गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) व पॅड (त्या तबकड्यांवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे) बदलण्याचा खर्च गॅरेजने ११,५०० रुपये सांगितला आहे. दिवाळीत गाडी विकायचीच असल्याने तूर्त २,८०० रुपयांत नुसते पॅड घालून भागवावे का, असे आपण विचारले आहे.

आपण मोजमाप लिहून आणलेत, हे फार चांगले केलेत. डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी २० मिलिमीटर आहे, तर आपली डावी डिस्क २०.४ आणि उजवी १९.७ भरली. म्हणजे उजवी आजच हद्दीखाली गेलेली आहे. डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. आणि दर शनिवारी महाबळेश्वरहून मेढ्याकडे येताना आपण केळघरचा घाट उतरता, तिथे ब्रेक तापून ऐन वळणावर कमी लागण्याचा धोका मला खरोखर अस्वस्थ करतो. कडेला नख अडकावे इतका काठ आलेल्या डिस्कवर नवे पॅड नीट बसतही नाहीत, त्यामुळे त्या २,८०० रुपयांचेही चीज होणार नाही. लेथवर घासून घ्यायला जाडीच उरलेली नाही, आणि एकटी उजवी बदलल्यास ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

गाडी विकताना हे पैसे वसूल होणार नाहीत, हे आपले म्हणणे खरे आहे. विम्यातूनही काही मिळणार नाही, कारण झिजेचा खर्च त्यात धरत नाहीत. तरीही हा खर्च आताच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे बचत खात्यातील ४५,००० रुपयांच्या आपत्कालीन निधीतून काढावेत. तो अशाच वेळेसाठी असतो. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडू नयेत, कारण व्याजाखेरीज प्रक्रिया शुल्कही पडू शकते. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक, चालू राहू द्यावी. निधी भरून काढताना ओढाताण झालीच, तर तिचा हप्ता बाउन्स होऊ न देता आधी रीतसर अर्ज करून ती थांबवावी, म्हणजे बँकेचा दंड बसणार नाही.

जुन्या डिस्क मागून घेऊन आपल्यासमोर मोजून पाहाव्यात. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल, तर तेही याच वेळी बदलावे. काम होईपर्यंत शनिवारची फेरी मात्र एसटीनेच करावी.