आधी पगार कोण देतो ते सांग

चि. दोस्ता,

तुझ्या ‘असं झालं असतं तर’च्या कल्पित इतिहासाची वंशावळ वाचली. त्यात फ्रान्स आणि जर्मनीच्या मधल्या बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड याला 1470 मध्ये मुलगा झाला, बाप 1477 मध्ये नान्सीच्या लढाईत पडला तरी गादी रिकामी राहिली नाही, ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा शिरकावच झाला नाही आणि तुझा राजवंश थेट विसाव्या शतकापर्यंत टिकला. झेंडा देखणा आहे. आणि आता तू अडलायस कुठे, तर राजधानी दिजाँ की ब्रुसेल्स, आणि चौथा राजा विक्षिप्त करावा की धर्मवेडा!

अरे, अडणारच. सैन्याचा पगार कोण देतो, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

प्रत्यक्षात मुलगा नव्हता म्हणून बर्गंडी बुडालं, हे अर्धंच खरं. मुलगा असता तर फ्रान्सच्या राजाला, अकराव्या लुईला, दिजाँ घशात घालायला वारसाहक्काचं निमित्त मिळालं नसतं, तेवढं मान्य. दुसरं त्याने शोधलं असतं, तो तसलाच होता. पण चार्ल्सचं खरं दुखणं पैशाचं होतं. मार्च 1476 मध्ये ग्रांदसोंला स्विसांनी त्याची छावणी लुटली, जूनमध्ये मुर्टेनला सैन्य कापलं. नवी माणसं, नवा पैसा मागितला तेव्हा त्याच्याच ताब्यातल्या नेदरलँड्सच्या प्रतिनिधींनी हात वर केले. तरी हा बाबा ऐन थंडीत नान्सीला वेढा घालून बसला.

तो मेल्यावर काय झालं बघ. मुलगी मेरी जेमतेम वीस वर्षांची. फेब्रुवारीत त्याच प्रतिनिधींनी तिच्याकडून सनद लिहून घेतली: आमच्या संमतीशिवाय युद्ध नाही, कर नाही. एप्रिलमध्ये फ्लँडर्समधल्या गेंट शहराच्या लोकांनी तिच्या बापाचे दोन मंत्री, ह्यूगोने आणि हंबरकूर, भर चौकात मारले. ती स्वतः जीवदानासाठी विनवत होती. आता तिच्या जागी तुझा सात वर्षांचा राजा बसव. गेंटकर त्याला मुजरे घालतील? तेही सनदच पुढे करतील. पगार कोण देतो, सांग.

आपल्याकडे ‘पानिपत जिंकलो असतो तर’ लिहिणारेही इथेच घसरतात. भाऊसाहेबांनी दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी का पाडली, हे कुणी विचारत नाही. विश्वासरावांना मात्र तख्तावर बसवून मोकळे.

माझ्या लिखाणात तलवारी कमी आणि हिशेब फार, असं एका संपादकाने ऐकवलं होतं. दोन लढाया घाला, छापतो म्हणाला. घातल्या नाहीत. माझं राज्य वह्यांतच राहिलं, त्याची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्या राज्याची तिजोरी कोणत्या वर्षी कुणी भरली, हे मी आजही झोपेत सांगेन. छापून आलेल्यांपैकी किती जणांना जमेल? असो. हे तुला शहाणपण शिकवायला नाही, माझी बाजू मांडायला लिहिलं असं वाटलं तर तसं समज.

आता कामाचं. तुझ्या मुलाचा जन्म 1470 चा, म्हणजे आई मार्गारेट ऑफ यॉर्क. चार्ल्सने तिच्याशी 1468 मध्ये लग्न केलं. म्हणजे तिचा भाऊ, इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड, पोराचा सख्खा मामा! हे सोनं तुझ्याच वंशावळीत पडलंय आणि तू चौथ्या राजाचा स्वभाव ठरवतोयस. फ्लँडर्सच्या मागांना इंग्लंडची लोकर लागते, ती मामाच्या मुठीत. आणि हाच मामा लुईशी 1475 मध्ये केलेल्या पिकिन्यीच्या तहापासून त्याच्याकडून वर्षाला 50,000 क्राउन घेतोय. लुईचं सैन्य सरहद्दीवर, गेंट कर देत नाही, आणि मार्गारेट भावाला मदतीचं पत्र लिहितेय. भाचा की पेन्शन? एडवर्डचं उत्तर लिही, आणि लोकरीचा भाव काय लावला तेही. ते पाठव. चौथा राजा जन्मायला अजून अवकाश आहे, राजधानीचंही मग बघू.

तुझा,
काका